पहिल्या भेटीआधी: ‘जीन टेस्ट’ आणि दोन दिवसांचा उपास

“दारूची जीन टेस्ट करून द्या, म्हणजे सुटणार की नाही ते एकदाचं कळेल.” दारू सोडण्यासाठी आमच्याकडे येणारे हे इतक्यांदा विचारतात, की शेवटी उत्तर छापूनच टाकलं.

ही टेस्ट आम्ही करत नाही. व्यसनाच्या धोक्यात वारशाचा वाटा साधारण निम्मा, पण तो शेकडो जनुकांत, म्हणजे जीन्समध्ये, विखुरलेला. शिवाय वर्षानुवर्षं पिण्याने जनुकाचा मजकूर तोच राहतो, त्यावर रासायनिक खुणा मात्र बसतात. त्यामुळे काही जनुकं मंदावतात, काही नको तेवढी जागी होतात. दारूपासून यकृतात बनणारं ॲसिटेट मेंदूत पोहोचून अशाच खुणांसाठी वापरलं जातं, हे २०१९ मध्ये उंदरांमध्ये दिसलं. पिण्याशी जोडलेल्या जागा आणि वास डोक्यात घट्ट बसण्यात त्याचा हात असतो. पण या खुणा मेंदूच्या पेशींत असतात. दंडातून काढलेल्या रक्तावरून त्या वाचून कोणाचं भविष्य सांगता येत नाही.

आता खरी अडचण. ‘रिपोर्ट चांगला यावा’ म्हणून रोज पिणारे लोक दोन दिवस आधी एकदम बंद करून येतात. फॉर्म भरताना पेन हातात ठरत नाही, शर्ट घामाने भिजलेला. थांबल्यावर काही तासांत कापरं सुरू होतं, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. यात जीवही जातो. मग आमची भेट राहते बाजूला आणि पेशंटला आधी दवाखान्यात पाठवावं लागतं. त्या खुणा काही दोन दिवसांत पुसल्या जात नाहीत, म्हणजे कमावलं काहीच नाही.

तेव्हा रोज घेत असाल तर आपल्या मनाने एकदम बंद करू नका. आधीच बंद केली असेल आणि हात कापत असतील, तर आमच्या तारखेची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

पहिली भेट दीड तासाची असते. “नुसत्या गप्पा मारता,” असंही ऐकून घेतो. पण पेशंट म्हणतो “एकच पेग”, घरचे म्हणतात “अर्धी बाटली”. आम्ही टेबलावर तीन मापांचे ग्लास ठेवतो आणि यातला कुठला ते दाखवायला सांगतो. तिथे जे कळतं ते कुठल्या लॅबमध्ये कळत नाही. दोघांशी वेगवेगळं बोलतो, तेही याचसाठी.

तलफ कमी करणारी औषधं आहेत. नॅलट्रेक्सोन १९९४ पासून दारूच्या व्यसनावर वापरात आहे. पण ते सुरू करण्याआधी यकृताची तपासणी लागते, आणि अफूवर्गातली वेदनाशामकं चालू असतील तर ते देता येत नाही. म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा, रिकामी झालेलीसुद्धा.

पेशंट यायलाच तयार नसेल, तर घरच्यांनी एकटं आलं तरी चालेल. त्यासाठी वेगळी वेळ ठेवलेली आहे.