हिरवा की काळा? पहिल्या डिझेल इंजिनांच्या रंगांमागची गोष्ट

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया रेलरोड या रेल्वे कंपनीच्या ई7 डिझेल इंजिनाचं एचओ मॉडेल, म्हणजे मूळ इंजिनाच्या 1/87 आकाराचं, ट्यूबलाइटखाली ठेवा. काळं दिसेल. तेच खिडकीत उन्हात धरलं की कडेला हिरवी झाक उमटते. या रंगाचं नाव ब्रन्सविक ग्रीन. काळ्या रंगाच्या बादलीत हिरव्याचा एक थेंब टाकला की झाला तयार, अशी त्याची थट्टा होते. मॉडेल रेल्वेवाले यावर तासन्‌तास वाद घालतात. बाहेरच्याला हे खूळ वाटेल, पण त्याला कारण आहे.

वाफेच्या जमान्यात अमेरिकेतलं इंजिन बहुतेक काळंच असायचं. कोळसा आणि काजळी पाहता दुसरा रंग परवडणाराच नव्हता. त्यातून बड्या कंपन्या इंजिनं आपापल्या गरजेप्रमाणे घडवून घेत. जाणकाराला लांबून आकार पाहूनच मालक कळायचा. डिझेलने ही ओळखच पुसली.

1934 साली युनियन पॅसिफिक रेल्वेची पिवळी-तपकिरी एम-10000 आणि बर्लिंग्टन रेल्वेची स्टेनलेस स्टीलची झेफर या गाड्या आल्या. पैकी एम-10000 डिझेल नव्हतीच, तिचं इंजिन डिस्टिलेट नावाच्या वेगळ्या इंधनावर चालायचं. रंगाच्या डब्याला हात न लावता झळाळणाऱ्या झेफरने 26 मे 1934 रोजी डेन्व्हर ते शिकागो हे 1015 मैल 13 तास 5 मिनिटांत कापले. पण या दोन्ही गाड्या अखंड संच होत्या, इंजिन आणि डबे एकत्र बांधलेले. कुठल्याही डब्यांना जोडता येईल असं सुटं, सुबक इंजिन आलं 1937 मध्ये. इलेक्ट्रो-मोटिव्ह ही जनरल मोटर्सच्या मालकीची कंपनी. तिने इलिनॉयमधल्या ला ग्रेंजच्या कारखान्यात बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेसाठी ईए आणि सांता फे रेल्वेसाठी ई1 बांधलं. प्रत्येकाच्या पोटात विंटन बनावटीची, प्रत्येकी 900 अश्वशक्तीची दोन डिझेल यंत्रं, एकूण 1800.

खरी मेख पुढे आहे. जनरल मोटर्स मोटारी विकणारी कंपनी. सांगाडा तोच, रंग गिऱ्हाइकाच्या पसंतीचा, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. ई-मालिकेचं निमुळतं नाक आणि लांब सपाट अंग सगळ्यांना जवळपास सारखंच मिळायचं. मग वेगळेपण दाखवायचं कशाने? रंगाने. आपल्याकडे भारतीय रेल्वेची डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिनं दिसायला सारखीच, तरी रंग बघून ती कुठल्या गावच्या लोको शेडची हे सांगणारी मंडळी होतीच की! तसंच हे. कंपनीचे चित्रकार प्रत्येक रेल्वेसाठी रंगीत आराखडे तयार करत, म्हणजे विक्रीच्या बोलण्यात रंगही असायचा.

त्यातलाच एक लेलँड निकरबॉकर. सांता फेचा लाल-रुपेरी 'वॉरबॉनेट' त्याचा. आदिवासी सरदाराच्या डोक्यावरची पिसांची टोपी बाजूने पाहिल्यासारखा लाल रंग नाकावरून मागे ओघळतो, पिवळी-काळी रेघ त्याला कड देते आणि पुढचं रुपेरी अंग मागच्या स्टेनलेस डब्यांत मिसळून जातं. इतकी बेतशीर रंगसंगती रेल्वेत क्वचितच जमली असेल. 1948 मध्ये लायोनेल या खेळण्यातल्या आगगाड्या बनवणाऱ्या कंपनीने हाच रंग आपल्या खेळण्यातल्या एफ3 इंजिनावर चढवला. सांता फेच्या सुपर चीफ या आलिशान गाडीचं तिकीट ज्यांना कधीच परवडणार नव्हतं, त्यांच्या घरातही तो नाताळच्या झाडाखाली गोल फिरू लागला.

आता वादाचं मूळ. 1930च्या दशकातली छायाचित्रं बहुतेक कृष्णधवल. त्यात ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नाही, तो छापात जवळजवळ काळा उतरतो. कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म 1935 मध्ये बाजारात आली, पण ती महाग होती आणि तिचा स्वतःचाही एक कल होता. कंपनीचं छापील नमुना-कार्ड हाती लागलं तरी ते कोऱ्या रंगाचं. दोन उन्हाळे आणि चारशे धुलाया झालेल्या इंजिनाबद्दल ते काय सांगणार? शिवाय तोच रंग छोट्या मॉडेलवर जास्त गडद दिसतो, म्हणून अनुभवी माणूस त्यात किंचित पांढरा मिसळतो. किती मिसळायचा, यावरून नवं भांडण. 2013 मध्ये फ्लोक्विल हा मॉडेलवाल्यांचा जुना भरवशाचा रंग बंद झाला, तेव्हा अनेकांनी उरलेल्या बाटल्या साठवून ठेवल्या.

सगळ्यात मजेशीर प्रकरण अटलांटिक कोस्ट लाइन या रेल्वेचं. पुढे तिचे अध्यक्ष झालेले चॅम्पियन डेव्हिस यांना जांभळा आवडायचा, म्हणून 1939 मध्ये आलेली ई3 इंजिनं जांभळी-रुपेरी. फ्लोरिडाच्या उन्हात जांभळ्याचा निभाव तो काय लागणार, तो विटत गेला. 1957 मध्ये थॉमस राइस अध्यक्ष झाले आणि त्यांनी इंजिनांना काळा फासला. त्यातलं 501 क्रमांकाचं ई3 नॉर्थ कॅरोलायनात स्पेन्सरच्या वाहतूक संग्रहालयात आहे, पुन्हा जांभळं केलेलं. त्यासमोर उभं राहून कुणी मॉडेलवाला मोबाइलवर फोटो काढतो आणि शेजारचा लगेच विचारतो, "हा जांभळा कारखान्यातून निघतानाचा, की फ्लोरिडाहून परतल्यावरचा?"