शिडी कुठे घसरेल? पहिल्या वर्षाचे अभ्यासगट

अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७०च्या दशकात युरी ट्रीझमन या तरुण गणितज्ञाला एक प्रश्न सतावत होता. आपापल्या शाळांमध्ये चमकलेली कृष्णवर्णीय मुलं पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये एकामागून एक का गळतात? प्राध्यापकांकडे उत्तरं तयार होती : पाया कच्चा, घरी वातावरण नाही, जिद्द कमी. ट्रीझमनने २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते जिथे अभ्यास करत तिथे जाऊन सुमारे दीड वर्ष पाहिलं. प्राध्यापकांचं एकही कारण टिकलं नाही.

फरक अभ्यासाच्या पद्धतीत निघाला. कृष्णवर्णीय मुलं शिक्षकांनी सांगितल्याप्रमाणे आठवड्याला ६-८ तास मन लावून बसत, पण एकटी. चिनी मुलं साधारण १४ तास देत. त्यातले ८-१० तास एकट्याने, उरलेले एकत्र. एकत्र बसल्यावर ती एकमेकांची उत्तरं ताडून बघत. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही, तर ते गणितच अवघड आहे हे सगळ्यांना कळे. खोलीत एकट्या बसलेल्या मुलाला मात्र आपलीच अक्कल कमी आहे असं वाटत राही. महाविद्यालयात नवीन आलेल्या मुलाचा धीर नेमका इथे सुटतो.

ट्रीझमनने यावर 'कच्च्या मुलांचे जादा तास' काढले नाहीत. उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं घेऊन गटात बसवणाऱ्या कार्यशाळा सुरू केल्या, आणि निकाल पालटले. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी कॅम्पसमध्ये डिआना मार्टिन यांनी १९७३ मध्ये हीच दिशा धरली होती. तिथे 'कठीण' हा शिक्का विषयावर मारला जातो, मुलावर नाही. ज्या विषयात साधारण ३० टक्के मुलं नापास होतात किंवा विषय सोडतात, त्याचा गट सगळ्यांसाठी खुला असतो.

आपल्याकडे एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने, अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आणला. त्यात सुमारे २० मुलांमागे एक मार्गदर्शक शिक्षक, ही कल्पना उत्तम आहे. पण ओळखीचे खेळ आणि भाषणं संपली, की मुलं पुन्हा एकेकटी होतात. एकत्र काम असेल तरच ओळख टिकते. म्हणून प्रॅक्टिकलची २० जणांची बॅच घ्यावी आणि पाच-पाचचे चार गट पाडावेत. गट शिक्षकांनीच पाडावेत. मुलांवर सोडलं तर एका कॉलेजातून आलेले एकत्र बसतात आणि बाहेरगावचा मुलगा उरतो. पाचात एकटीच मुलगी किंवा मराठी माध्यमातला एकटाच मुलगा ठेवू नये. तो आवाज हमखास दबतो. बोलणं कुठल्याही भाषेत चालावं, लिहिणं मात्र परीक्षेच्या भाषेत.

आठवड्यातून एकदा दीड तास पुरतो, पण तो टाइमटेबलमध्येच हवा. संध्याकाळी पाचनंतर ठेवला, तर अप-डाऊन करणारी मुलं लोकलसाठी पळतात. सोबत तोच विषय चांगला सुटलेला एखादा सीनियर असावा. त्याने शिकवायचं नाही, फक्त 'हे कशावरून?' एवढं विचारायचं. तयार उत्तरं त्याच्याजवळही नसलेली बरी.

खरा कस प्रश्नाच्या निवडीत लागतो. मेकॅनिक्समधला एक नमुना घेऊ. ५ मीटरची शिडी, तळ भिंतीपासून ३ मीटरवर, वरचं टोक ४ मीटर उंचीवर. शिडीचं वजन २०० न्यूटन, चढणाऱ्या माणसाचं ६००. भिंत गुळगुळीत, जमिनीचा घर्षणांक ०.५. माणूस टोकापर्यंत पोहोचेल का? पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपली फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे शिडीवरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती, काढायची. मग पाचही वह्या शेजारी शेजारी ठेवायच्या. कुणी सवयीने भिंतीवरही घर्षण दाखवलेलं असतं. कुणी भिंतीचा रेटा शिडीच्या दिशेने काढलेला असतो. तो भिंतीला लंब हवा. सगळ्यात चिवट चूक म्हणजे जमिनीचं घर्षण पहिल्या पायरीपासून ४०० न्यूटन धरणं. वादात ती उघडी पडते. माणूस शिडीवर १ मीटर चढलेला असताना तळाभोवती मोमेंट (बलांचा फिरवण्याचा जोर) घेतले, तर भिंतीचा रेटा १६५ न्यूटन येतो, म्हणजे घर्षणही तेवढंच. ४०० (एकूण ८०० न्यूटन वजनाच्या ०.५ पट) ही कमाल मर्यादा आहे, आणि शिडीवर सुमारे ३.६ मीटर चढल्यावर ती गाठली जाते. त्यापुढे शिडी घसरते. हाच खुलासा फळ्यावर ऐकला तर माना डोलतात आणि चूक तशीच राहते. स्वतःचा बाण चुकलेला दिसला की ती सहसा पुन्हा होत नाही.

ती दहा मिनिटं वगळली, की गट बिघडायला लागतो. हुशार मुलगा सोडवतो, बाकीचे उतरवून घेतात. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमन याने दोरी ओढणाऱ्या माणसांचा जोर मोजून १९१३ मध्ये दाखवलं होतं, की आठ जण मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाचा सरासरी जोर एकट्याने ओढताना लावलेल्या जोराच्या निम्म्यावर येतो. काही जोर एकत्र ओढताना मेळ न बसल्याने वाया जातो, काही माणूस हात राखून ओढतो म्हणून. म्हणून गट पाचाचा, आणि शेवटी फळ्यावर कोण जाणार ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. मार्क मात्र देऊ नयेत. मार्क आले की उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरतात.

कॅप राउंड (केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या) लांबतात, त्यामुळे काही मुलं महिनाभर उशिरा येतात. त्यांचा वेगळा गट करू नये. सुरुवातीला एक-दोन गट चारचेच ठेवले, की त्यांना तयार जागा मिळते.

कुणी लागोपाठ दोनदा आलं नाही, तर ते गटाला त्याच दिवशी कळतं, कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर यादी लागायच्या कितीतरी आधी. फोन गटातल्याच एकाने करावा. 'का आला नाहीस?' असं न विचारता आज कुठलं गणित घेतलं ते सांगावं, वहीच्या पानाचा फोटो पाठवावा, आणि पुढच्या वेळी फळ्यावर जायची पाळी कुणाची, तेही.