अंकल क्रीपी म्हणजे क्रिप्ट-कीपर नव्हे

परवा एका मित्राने जुन्या कॉमिकच्या पानाचा फोटो पाठवला. हाडकुळा, दात विचकणारा म्हातारा, आणि खाली मित्राची ओळ: 'बघ, क्रिप्ट-कीपर मिळाला!' फोटोतला म्हातारा अंकल क्रीपी होता. चूक समजण्यासारखी आहे. दोघेही अमेरिकन भयकथांचे सूत्रधार. दोघेही गोष्ट सुरू होण्याआधी वाचकाची टर उडवतात आणि शेवटच्या चौकटीत एखादी टुकार कोटी करून निरोप घेतात. त्यात 1982 चा 'क्रीपशो' हा सिनेमा आणखी घोळ घालतो. नाव ऐकून लोक अंकल क्रीपीच्या 'क्रीपी' मासिकाचे अंक शोधायला जातात, आणि सिनेमा मात्र मानाचा मुजरा करतो तो क्रिप्ट-कीपरच्या कॉमिक्सना.

तर क्रिप्ट-कीपर आधीचा. न्यूयॉर्कच्या ईसी कॉमिक्सचा. ही कंपनी मुळात बायबलच्या चित्रकथा काढायची. 1947 मध्ये मालक मॅक्स गेन्स बोटीच्या अपघातात गेले आणि रसायनशास्त्राचा शिक्षक व्हायला निघालेला मुलगा विल्यम गादीवर बसला. त्याने आणि संपादक अल फेल्डस्टीनने 1950 मध्ये तीन भयकथा-द्वैमासिकं उभी केली: 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' (पहिले तीन अंक 'द क्रिप्ट ऑफ टेरर' नावाने), 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर' आणि 'द हॉन्ट ऑफ फिअर'. क्रिप्ट-कीपर, व्हॉल्ट-कीपर आणि म्हातारी चेटकीण असे तिघांचे तीन सूत्रधार, पण ते एकमेकांच्या अंकांत खुशाल घुसायचे. किंमत दहा सेंट, छपाई रंगीत, अंकात साधारण चार गोष्टी.

अंकांचे क्रमांक मात्र डोकं फिरवतील असे. नव्या नियतकालिकाला टपालाची सवलत मिळवायची तर पुन्हा पैसे भरा. म्हणून जुन्या, बंद केलेल्या कॉमिकचेच क्रमांक पुढे चालवायचे. 'हॉन्ट'चा पहिला अंक त्यामुळे 15 वा आहे. पुढे 16, 17, आणि त्यानंतर एकदम 4! चौथा अंक पंधराव्याच्या आधीचा समजून घेणारे संग्राहक अजून भेटतात.

आपल्याला असा सूत्रधार नवा नाही. वेताळ राजाच्या खांद्यावर बसून गोष्टच सांगतो. पण वेताळ शेवटी प्रश्न टाकतो, निवाडा राजाने करायचा. ईसीचे सूत्रधार निवाडा गोष्टीतच उरकून टाकतात, आणि तोही रक्ताळलेला. 1953 ची 'फाउल प्ले' घ्या. एक बेसबॉल खेळाडू बुटांच्या खिळ्यांना विष लावून प्रतिस्पर्ध्याला मारतो. मेलेल्याचे सोबती त्याला मध्यरात्री मैदानावर बोलावतात. शेवटी दिसतो चांदण्यातला सामना: आखणीच्या रेषा आतड्यांच्या, बॅट म्हणजे त्याचा पाय, चेंडू म्हणजे मुंडकं. चित्रकार जॅक डेव्हिस. खेळाडू अगदी हौसेने खेळताना दाखवलेत, आणि खरी शिसारी त्या हौसेचीच येते.

ही चौकट पुढे मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांच्या कॉमिक्सविरोधी पुस्तकात पुरावा म्हणून झळकली. 21 एप्रिल 1954 ला गेन्स सिनेटच्या उपसमितीसमोर साक्षीला बसला. समोर त्याच्याच एका गुन्हेकथा-अंकाचं मुखपृष्ठ धरलं गेलं: एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं तोडलेलं डोकं. हे अभिरुचीला धरून आहे का? गेन्स म्हणाला, भयकथांच्या कॉमिकपुरतं आहे. डोकं जरा वर धरून मानेतून गळणारं रक्त दाखवलं असतं तर नसतं. असं उत्तर देणाऱ्याचा धंदा वाचणं कठीणच होतं. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. शीर्षकात 'हॉरर', 'टेरर' नको. व्हँपायर, लांडगामानव, चालती प्रेतं नकोत. संहिता पाळल्याचा शिक्का मुखपृष्ठावर नसेल तर वितरक गठ्ठेच उचलत नसत. 1955 च्या सुरुवातीपर्यंत तिन्ही द्वैमासिकं संपली होती. गंमत म्हणजे दुष्टाला शासन झालंच पाहिजे असंही संहिता म्हणत होती. ईसीत ते झाल्याशिवाय अंक मिटतच नसे!

अंकल क्रीपी आला 1964 मध्ये, आणि आला तो कागदाच्या आकारामुळे. आचारसंहिता कॉमिक्सना होती, मोठ्या आकाराच्या मासिकांना नव्हती. ही फट गेन्सनेच आपलं विनोदी कॉमिक 'मॅड' 1955 मध्ये मासिकाच्या आकारात नेऊन दाखवली होती. सिनेमातल्या राक्षसांवर मासिक काढणारे जेम्स वॉरन त्याच फटीतून भयकथा घेऊन शिरले. 'क्रीपी' मोठ्या पानांचं, काळं-पांढरं, पस्तीस सेंटचं. शिक्क्याची गरजच नाही. मागोमाग जुळं भावंड आलं, 'ईरी', सूत्रधार कझिन ईरी. हे नाव दुसरा प्रकाशक पळवणार असं कळल्यावर वॉरन आणि संपादक आर्ची गुडविन यांनी एका रात्रीत छोटेखानी अंक जुळवून दोनेकशे प्रती छापल्या आणि नावावर हक्क सांगितला.

गोंधळाचं खरं मूळ चित्रकारांत आहे. 'क्रीपी'च्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ त्याच जॅक डेव्हिसचं. आत रीड क्रँडल, अल विल्यमसन, जो ऑर्लँडो: निम्मी ईसीचीच मंडळी. गुडविनच्या सुरुवातीच्या गोष्टींची घडणही ईसीची, शेवटच्या चौकटीतल्या फटक्यासकट. त्या काळातलं एखादं पान पाहून फसलात तर लाजायचं कारण नाही.

पण रंग नसल्याने चित्रकाराला शाई पातळ करून राखाडी छटांशी खेळता आलं. स्टीव्ह डिट्कोची त्या काळातली पानं बघा, धुकं कागदातूनच झिरपतंय असं वाटतं. रंगाची चैन मुखपृष्ठावर, फ्रँक फ्राझेटाच्या तैलचित्रांतून. सत्तरच्या दशकात बार्सिलोनाच्या चित्रसंस्थेतले स्पॅनिश चित्रकार आले आणि ईसीचा ठसा पुसट होत गेला.

फरक सर्वांत लख्ख दिसतो तो निवाड्यात. 'क्रीपी'तली 1974 ची 'जेनिफर' घ्या, लेखक ब्रूस जोन्स, चित्रकार बर्नी राइटसन. रानात एक माणूस एका मुलीवर कुऱ्हाड उगारतो. नायक त्याला गोळी घालून तिला वाचवतो. तिचं शरीर सुंदर, चेहरा पाहवत नाही असा. तो तिला घरी आणतो आणि तिथून त्याचं घर, संसार, शहाणपण सगळं वाहून जातं. अखेर तिला संपवायला तोच रानात येतो, आणि कुणी अनोळखी माणूस तिला वाचवायला त्याला गोळी घालतो. ईसीत याने आधी काहीतरी पाप केलेलं असतं. इथे केली ती दया. मला विचाराल तर रात्री झोप उडवते ती 'जेनिफर'. 'फाउल प्ले' वाचून तोंड वाकडं होतं आणि मग हसू येतं.

वॉरनची कंपनी 1983 मध्ये बुडाली, तोवर 'क्रीपी'चे 145 अंक झाले होते.

हातात सुटं पान आलं तर 'रंगीत म्हणजे ईसी, काळं-पांढरं म्हणजे वॉरन' हा ठोकताळा वापरू नका. ईसीच्या गोष्टींची काळी-पांढरी पुनर्मुद्रणं भरपूर आहेत. अक्षरं बघा. फेल्डस्टीन मजकूर आधीच पानावर उतरवायचा, तो लेरॉय नावाच्या साच्याच्या यंत्राने लिहिला जायचा आणि उरलेल्या जागेत चित्रकाराने चित्र बसवायचं. म्हणून ईसीची अक्षरं अभियांत्रिकी आराखड्यावरच्यासारखी एकसारखी, कोरडी असतात, आणि चौकटीचा वरचा अर्धा भाग त्यांनीच खाल्लेला असतो. मित्राच्या फोटोतली अक्षरं हाताने काढलेली होती.