युवा मानसिक आरोग्य आणि लोकसहभाग

किशोर व तरुणांच्या मनःस्वास्थ्यासाठी घर आणि दवाखाना यांच्या मधली माणसे (शेजारी, शिक्षक, क्रीडा प्रशिक्षक, समवयस्क) मिळून जी व्यवस्था उभी करतात, तिला युवा मानसिक आरोग्यातील लोकसहभाग म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातील दर सातांपैकी एकाला मानसिक विकार असतो; तज्ज्ञ तेवढे नाहीत. प्रशिक्षित सामान्य माणसेही उपयोगी पडतात, हे झिम्बाब्वेमध्ये २००६ साली मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी आज्यांना हाताशी धरून सुरू केलेल्या ‘फ्रेंडशिप बेंच’ या बाकावर बसून मन मोकळे करण्याच्या उपक्रमाने दाखवून दिले. मात्र अशी मदत उपचारांची जागा घेत नाही.

सुरुवात कार्यक्रमाने नव्हे, यादीने करावी : जवळचा मानसोपचारतज्ज्ञ कोण, कोणत्या वेळी भेटतो, रात्री कोणत्या हेल्पलाइनला फोन करायचा, मुलासोबत कोण जाणार. ही यादी नसली की पहिल्याच गंभीर प्रसंगी स्वयंसेवक एकटा पडतो.

गटात ८ ते १० जण पुरेत. ठरलेला वार, ठरलेली जागा, तास-दीड तास. गट चालवणारे दोघे हवेत, कारण कोणी रडत उठून गेले तर एकाने त्याच्यामागे जायचे असते. दारावर ‘मानसिक आरोग्य’ अशी पाटी लावली की मुले फिरकत नाहीत. नाटक, खेळ, सायकलदुरुस्ती अशा निमित्ताने येतात, आणि हाताला काम असले की बोलतातही.

‘इथले बोलणे इथेच’ हा नियम सांगताना त्याचा अपवादही पहिल्याच दिवशी सांगावा : जिवाला धोका असेल तर गुप्तता राहणार नाही. सरसकट गुप्ततेचे वचन ही नेहमीची चूक. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आडवळणाने विचारले तर उत्तरही आडवळणाचेच येते. धोका दिसल्यास मुलाला एकटे सोडू नये, घरातली औषधे, कीटकनाशके त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत.

मुलांचा सहभाग कितपत खरा आहे हे दाखवणाऱ्या, अभ्यासक रॉजर हार्ट यांच्या १९९२ मधील सहभागाच्या शिडीला आठ पायऱ्या आहेत. खालच्या तिन्हींवर मुले केवळ शोभेला असतात, आणि बहुतेक उपक्रम तिथेच अडकतात. फलक धरायला लावण्यापेक्षा खोलीची किल्ली किंवा खर्चाची वही सोपवावी. आपण गेलो नाही तर काम अडेल, ही जाणीव मुलांना भाषणापेक्षा अधिक धरून ठेवते. सलग दोनदा गैरहजर राहणाऱ्याला ठरलेल्या एकाच व्यक्तीने फोन करावा, गटावर संदेश टाकून भागत नाही.

निधी संपला म्हणून उपक्रम अचानक बंद पडणे सर्वांत घातक. आधीच दुरावलेल्या मुलाला तो आणखी एक नकार वाटतो. म्हणून शेवटची तारीख निदान महिनाभर आधी सांगून प्रत्येकाला पुढचा संपर्क जोडून द्यावा.