रिपोर्ट आधी, डॉक्टर नंतर

1961 साली अमेरिकेतल्या एका पाहणीत सुमारे 90 टक्के डॉक्टरांचा कल कॅन्सरचं निदान रुग्णापासून लपवण्याकडे होता. 1979 मध्ये तशीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा 97 टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. सांगायचं हे ठरलं, कसं सांगायचं हे मात्र बरीच वर्षं ज्याच्या त्याच्या स्वभावावर राहिलं. 2000 साली त्याची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली गेली: निवांत जागी बसा, रुग्णाला काय ठाऊक आहे ते आधी विचारा, किती ऐकायचंय तेही विचारा. बातमी माणूसच देणार, हे त्यात धरूनच चाललं होतं.

ते गृहीतक एप्रिल 2021 मध्ये मोडलं. 2016 च्या कायद्यातून आलेला माहिती न अडवण्याचा नियम अमेरिकेत लागू झाला आणि बायोप्सीचा रिपोर्ट तयार होताच रुग्णाच्या मोबाइलवर दिसू लागला. शुक्रवारी संध्याकाळी, डॉक्टरांनी उघडण्याआधीही. काही कर्करोगतज्ज्ञांनी याला क्रूरपणा म्हटलं. रुग्ण काय म्हणाले? 2023 च्या एका पाहणीत 8,139 जणांपैकी जवळपास 96 टक्क्यांना रिपोर्ट असाच, लगेच हवा होता. डॉक्टरांशी बोलणं होण्याआधी वाचल्याने काळजी वाढली असं म्हणणारे 7.5 टक्के, रिपोर्टमध्ये दोष निघालेल्यांत मात्र 16.5 टक्के. मला हा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो, कारण कॅन्सरचे रुग्ण त्यातच येणार. एका राज्याने त्याच वर्षी कॅन्सर दाखवू शकणारे रिपोर्ट 72 तास रोखण्याचा कायदा केला. पण तीन दिवसांत फोन येईलच, याची हमी त्यात कुठे आहे? उशिराचा रिपोर्ट म्हणजे संवाद नव्हे, आणि वाद नेमका तिथेच अडकून बसला.

उलट बाजूचं, म्हणजे रुग्णाकडून दवाखान्याकडे जाणाऱ्या माहितीचं, उदाहरण 2017 मधलं. पसरलेल्या कॅन्सरच्या 766 रुग्णांच्या चाचणीत एका गटाने कीमोथेरपी चालू असताना आपला त्रास ऑनलाइन नोंदवला. त्यांच्यातले निम्मे जण 31.2 महिन्यांहून जास्त जगले, नेहमीची देखभाल मिळालेल्यांत हाच आकडा 26 महिने होता. श्रेय अर्थातच सॉफ्टवेअरला गेलं. त्रास वाढल्याची सूचना मात्र नर्सच्या ईमेलवर जात होती, आणि तीन चतुर्थांशाहून जास्त वेळा नर्सने त्यावर काहीतरी केलं. बऱ्याचदा फोन करून काय करायचं ते सांगितलं.