शाळेतलं ‘मध्ययुगीन’ कॅटापुल्ट आलं कुठून?

मुलं प्रकल्पासाठी जे दगडफेकीचं यंत्र बांधतात त्याला सरसकट ‘कॅटापुल्ट’ म्हणतात. शब्दकोशात या शब्दापुढे गलोल आणि बेचकीही सापडते. इथे किल्ल्याच्या तटावर धोंडे फेकणारं लाकडी धूड अभिप्रेत आहे.

खरा घोळ ‘मँगोनेल’ या दगडफेकी यंत्राच्या नावाचा. आइस्क्रीमच्या काड्या, रबरबँड आणि प्लास्टिकचा चमचा यांच्या नमुन्यावर हमखास याच नावाची चिठ्ठी असते, वर ‘मध्ययुगीन’ हे विशेषण. पण हा नमुना ज्याची नक्कल करतो ते पिळलेल्या दोरांत एकच दांडा अडकवलेलं यंत्र रोमन काळातलं. चौथ्या शतकातलं त्याचं वर्णन उपलब्ध आहे आणि त्यात दांड्याच्या टोकाला गोफण आहे, चमचा नाही. ते मध्ययुगात वापरात होतं का, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. मध्ययुगीन लिखाणातलं मँगोनेल बहुधा तरफेचं यंत्र असावं: आसावर लांब दांडा, एका टोकाला गोफण, दुसऱ्या टोकाचे दोर एका दमात खाली खेचणारी माणसं. ही युक्ती मूळची चीनची; सहाव्या शतकाच्या अखेरीस ती बायझंटाइन (पूर्व रोमन) सैन्याच्या हाती दिसते. ‘मँगोनेल’ हा शब्द मात्र ग्रीक मुळाचा. अरबी-फारसीतलं ‘मंजनीक’ त्याचंच भावंड. म्हणजे चिठ्ठीवरचं नाव एका यंत्राचं आणि खालचा नमुना दुसऱ्याचाच.

बाराव्या शतकात माणसांच्या जागी वजनाची पेटी आली आणि ट्रेबुशे तयार झालं. 1304 मध्ये स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या वेढ्यात असं अजस्र यंत्र उभारलं गेलं. किल्ला शरण यायला तयार होता, पण यंत्र चालवून पाहिल्याशिवाय इंग्लंडच्या राजाने शरणागती घेतली नाही! पुढे तोफांनी ही यंत्रं मोडीत काढली.

ती पुन्हा उभी राहिली कुतूहलापोटी. 1850 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या पुढाकाराने सुमारे साडेचार टन वजनाच्या पेटीचं ट्रेबुशे बांधलं गेलं. त्याने तोफेचा गोळा 175 मीटरवर टाकला. 1989 मध्ये डेन्मार्कमध्ये पूर्ण आकाराची प्रतिकृती झाली. तरफ, स्थितिज ऊर्जा आणि प्रक्षेप्य गती एकाच लाकडी सांगाड्यात दाखवता येतात, म्हणून पुढे विज्ञानाच्या शिक्षकांनाही ट्रेबुशे जवळचं वाटलं.

चमच्याचा नमुना एका तासात होतो, ट्रेबुशेला करवत, बोल्ट आणि दोन-तीन शनिवार लागतात; शाळा पहिल्याकडे झुकतात ते यामुळे. शिकायला मिळतं मात्र दुसऱ्यात. आसाच्या दोन बाजूंचे दांड्याचे भाग साधारण चारास एक, पेटीचं वजन गोळ्याच्या शंभरपट, एवढं जमवूनही पहिला गोळा बहुतेकदा सरळ वर जातो किंवा मागे पडतो, आणि सगळे पेटीत आणखी वजन भरायला धावतात. दोष असतो दांड्याच्या टोकाला गोफणीची कडी अडकवायच्या खिळ्याचा. तो सरळ असेल तर गोफणीची कडी लवकर निसटते. पक्कडीने खिळा थोडा पुढे वाकवला की कडी उशिरा सुटते आणि गोळा समोर जातो. खिळा जास्त वाकवला तर गोळा थेट पुढ्यातल्या मातीत.