ईआयएन कंपनीचा, आयटीआयएन माणसाचा

भारतात बसून अमेरिकेत एलएलसी, म्हणजे मर्यादित दायित्वाची छोटी कंपनी, काढणाऱ्यांची गाडी बहुधा एकाच जागी अडते. डेलावेअर किंवा वायोमिंगमधून कंपनी नोंदल्याचा कागद आलेला असतो. खातं उघडायला गेलं की बँक म्हणते, ईआयएन, म्हणजे कंपनीचा कर क्रमांक, द्या. मग आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज भरायला घ्यावा, तर तिथे अर्जदाराचा स्वतःचा एसएसएन (अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर) किंवा तो नसेल तर आयटीआयएन हा कर क्रमांक मागतात. दोन्ही नसतात. इथे एखादा एजंट भेटतो आणि सांगतो, ‘आधी आयटीआयएन काढू, मग ईआयएन.’ दोन कामं, दोन फिया. पण मुळात हा क्रमच चुकीचा आहे.

आपला गोंधळ होतो त्याला आपला पॅनही थोडा जबाबदार आहे. भारतात माणसालाही पॅन आणि कंपनीलाही पॅन. चौथं अक्षर पी असेल तर व्यक्ती, सी असेल तर कंपनी, एवढाच फरक. अमेरिकेत या दोघांचे नंबर वेगळे, अर्ज वेगळे, ते देण्यामागची कारणंही वेगळी. ईआयएन हा धंद्याचा नंबर. त्याच्या नावात ‘एम्प्लॉयर’ असलं तरी एकही नोकर न ठेवता तो मिळतो. आयटीआयएन हा माणसाचा नंबर, तोही ज्याला एसएसएन मिळू शकत नाही पण अमेरिकेच्या कर खात्याशी काम पडतं अशा माणसाचा. तो १९९६ पासून दिला जातो. दोन्ही नऊ आकडी, पण नुसतं बघूनही ओळखू येतात: ईआयएनमध्ये पहिल्या दोन आकड्यांनंतर रेघ असते, तर आयटीआयएन एसएसएनसारखा तीन-दोन-चार असा लिहितात आणि त्याची सुरुवात कायम ९ ने होते. आयआरएस या दोन्हींसाठी एक पैसाही घेत नाही.

ईआयएनचा अर्ज म्हणजे फॉर्म एसएस-४. जेमतेम एक पान. त्यातली कळीची ओळ सातवी. ७अ मध्ये ‘रिस्पॉन्सिबल पार्टी’चं नाव लिहायचं, म्हणजे कंपनीचा पैसा आणि कारभार प्रत्यक्षात ज्याच्या हातात आहे तो माणूस. २०१९ च्या मे महिन्यापासून इथे हाडामांसाच्या माणसाचंच नाव चालतं. एका कंपनीच्या मागे दुसरी कंपनी उभी करता येत नाही. ७ब मध्ये त्या माणसाचा एसएसएन किंवा आयटीआयएन. आणि ज्याला हे नंबर नाहीत त्याने काय लिहायचं, तेही आयआरएसच्याच सूचनांमध्ये दिलंय: ‘फॉरेन’. एजंट ज्या शब्दाचे पैसे घेतो तो हाच.

फक्त हा अर्ज ऑनलाइन जात नाही, तो फॅक्सने किंवा टपालाने पाठवायचा. अमेरिकेबाहेरून पाठवण्यासाठी वेगळा फॅक्स नंबर आहे. फॅक्स मशीन कुठून आणायचं, हा प्रश्न रास्त आहे, पण इंटरनेटवरून फॅक्स पाठवणाऱ्या सेवा त्यासाठीच आहेत. अर्जावर आपला परतीचा फॅक्स नंबर लिहिला तर चार कामाच्या दिवसांत उत्तर येईल, असं आयआरएस सांगते. परदेशातल्या अर्जदाराने मात्र काही आठवडे हाताशी ठेवलेले बरे. फोनवरूनही ईआयएन मिळतो असं बरेच जण सांगतात. ते अर्धं खरं आहे. ती सोय अमेरिकेबाहेर नोंदलेल्या कंपन्यांसाठी आहे, म्हणजे पुण्यातल्या एखाद्या प्रायव्हेट लिमिटेडला अमेरिकेतला ईआयएन हवा असेल तर. डेलावेअरच्या एलएलसीने फोनच्या मागे न लागता सरळ फॅक्स करावा.

नंबर आला की सोबत सीपी ५७५ नावाचं पत्र येतं. ते जपून ठेवा, बँक पुन्हा पुन्हा मागते. हरवलं तर त्याऐवजी १४७सी हे पत्र मागवता येतं, पण ते मिळवायला पुन्हा फोन आणि पुन्हा ताटकळणं. एजंटकडून काम करून घेतलं असेल तर ७अ मध्ये त्याने कोणाचं नाव घातलंय ते आवर्जून पाहा. स्वतःचं घालून ठेवलं असेल तर आयआरएसच्या लेखी तुमच्या कंपनीचा कारभारी तो आहे. दुरुस्तीसाठी फॉर्म ८८२२-बी आहे.

आता आयटीआयएन. त्याचा फॉर्म डब्ल्यू-७. फॉर्म भरायला सोपा, पण नंबर मिळवायला अवघड, कारण नंबर कशासाठी हवा ते त्यात सांगावं लागतं. ‘मला कंपनी काढायची आहे’ हे कारण धरत नाहीत. सर्वसाधारण नियम असा की डब्ल्यू-७ सोबत अमेरिकेचं टॅक्स रिटर्न जोडायचं; ठरावीक अपवादांतच त्याशिवाय चालतं. म्हणजे आधी रिटर्न भरण्याची गरज, मग नंबर. ईआयएनसाठी आयटीआयएन काढायला निघालेल्या माणसाकडे बहुधा हे कारणच नसतं, आणि अर्ज परत येतो.

दुसरी अडचण पासपोर्टची. ओळख आणि परदेशी नागरिकत्व दोन्ही एकाच कागदाने सिद्ध करायचं तर पासपोर्टच लागतो. तो मूळ प्रत म्हणून टेक्सासमधल्या ऑस्टिनला पाठवायचा, किंवा ज्या खात्याने तो दिला त्याच खात्याने प्रमाणित केलेली प्रत द्यायची. आपल्याकडचा नोटरीचा शिक्का इथे कामाचा नाही. मूळ पासपोर्ट समुद्रापार पाठवून घरी वाट बघत बसणं कोणालाच परवडत नाही, म्हणून लोक सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंट गाठतात. हा आयआरएसने मान्यता दिलेला माणूस असतो. तो पासपोर्ट स्वतः तपासून तसा दाखला जोडतो आणि पासपोर्ट तुमच्याकडेच राहतो. इथे फी देण्यात अर्थ आहे. नंबर यायला साधारण सात आठवडे. जानेवारी ते एप्रिलच्या गर्दीत किंवा परदेशातून अर्ज केला असेल तर नऊ ते अकरा.

मग आयटीआयएन खरोखर कोणाला लागतो? एडिसनमध्ये किंवा बे एरियात एच-१बी वर असलेल्या मराठी घरांत तो पुष्कळदा दिसतो. नवऱ्याला एसएसएन असतो, एच-४ वर आलेल्या बायकोला तो मिळत नाही, आणि दोघांना एकत्र रिटर्न भरायचं असतं. मग रिटर्नसोबत डब्ल्यू-७ जातो. हा नंबर मिळाला म्हणजे काम करायची परवानगी मिळाली असं मात्र नाही. पुढे तिला वर्क परमिट आणि एसएसएन मिळाला की आयटीआयएन वापरणं थांबवायचं आणि दोन्ही नोंदी जोडून घेण्यासाठी आयआरएसला पत्र लिहायचं. दुसरा गट अमेरिकेत घर भाड्याने दिलेल्यांचा. भारतात राहून तिथल्या भाड्यावर खर्च वजा करून कर भरायचा तर १०४०-एनआर, म्हणजे अनिवासी परदेशी माणसाचं रिटर्न, भरावं लागतं आणि त्यावर मालकाचा स्वतःचा नंबर हवा.

याउलट नाशिकमधून अमेरिकी ग्राहकांसाठी वेबसाइट बनवणारी, सगळं काम भारतातूनच करणारी आणि कंपनीच न काढलेली मुलगी घ्या. तिला साधारणपणे दोन्ही नंबर लागत नाहीत. ग्राहक मागेल तेव्हा डब्ल्यू-८बेन, म्हणजे आपण अमेरिकी नसल्याचं सांगणारा फॉर्म, भरून द्यायचा. त्यात परदेशी कर क्रमांकाची ओळ आहे, तिथे पॅन लिहायचा.

आणि तिने एकटीच्या मालकीची एलएलसी काढली तर? ईआयएन लागला. आयटीआयएन बहुतेक वेळा नाही, कारण अमेरिकेत ऑफिस नाही, माणसं नाहीत, काम भारतात होतंय, तर तिच्या स्वतःच्या नावाने तिथे रिटर्न भरायची वेळ सहसा येत नाही. दोन मैत्रिणींनी मिळून काढली तर ती भागीदारी ठरते, फॉर्म १०६५ येतो, आणि तिथे अमेरिकेतलं उत्पन्न असेल तर दोघींना आयटीआयएन लागू शकतो. ही वेळ आली तर दोन्ही देशांचे कर जाणणारा सीए गाठावा.

‘माझा कर शून्य, म्हणजे कागदही शून्य’ हा समज सगळ्यांत महागात पडतो. परदेशी मालकाच्या एकल एलएलसीला २०१७ पासून दरवर्षी फॉर्म ५४७२ (परदेशी मालकाशी झालेल्या व्यवहारांची माहिती), त्याला जोडलेल्या नाममात्र ११२० (कंपन्यांच्या रिटर्नचा फॉर्म) सह, १५ एप्रिलपर्यंत द्यावा लागतो. मालकाने खात्यात टाकलेले आणि काढलेले पैसेही त्यात दाखवायचे. चुकला तर दंड २५,००० डॉलर, नफा झालेला असो वा नसो. ईआयएनची खरी गरज बँकेपेक्षा इथे आहे.

भारतात राहणाऱ्याला आणखी एक नंबर लागतो, तो एजंट सांगत नाही. परदेशी कंपनीत भांडवल घालायचं तर २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांप्रमाणे आपल्या बँकेमार्फत फॉर्म एफसी देऊन रिझर्व्ह बँकेचा यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, घ्यावा लागतो, तोही पैसे पाठवण्याआधी. शिवाय आपल्या आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या शेड्यूल एफएमध्ये ती कंपनी आणि तिचं खातं दाखवायचं.

हे नंबर संपतात कसे, यातही दोघांचा स्वभाव वेगळा. सलग तीन वर्षं कुठल्याही फेडरल रिटर्नवर आयटीआयएन वापरला नाही तर तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तो आपोआप बाद होतो. पुन्हा लागला तर डब्ल्यू-७ वरच नूतनीकरण. ईआयएन मात्र एकदा दिला की कायमचा त्याच कंपनीचा, दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. धंदा गुंडाळायचा तर आधी राज्यात एलएलसी विसर्जित करायची, शेवटचा ५४७२ द्यायचा, आणि मग कंपनीचं नाव, पत्ता, ईआयएन आणि कर-खातं बंद करण्याचं कारण लिहून आयआरएसला पत्र पाठवायचं. सीपी ५७५ ची प्रत असेल तर तीही सोबत जोडायची.